शेजारच्या सीटची झीज

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी मीटर बघतो. मामा मीटरवर रुमाल टाकायचे.

त्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांना कोणी नावानं ओळखतच नसे. "रुमालवाले आलेत," असं कोणीतरी हळूच म्हणायचं आणि दोन-तीन दलाल चहाच्या निमित्तानं पसार व्हायचे. बावीस वर्षं गॅरेजमध्ये हात काळे केल्यावर मामांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती. त्यांचं म्हणणं असं, की मीटरला तोंड असतं, आणि ज्याला तोंड असतं त्याला खोटं बोलता येतं. आजकाल तर लॅपटॉप जोडला की पाच मिनिटांत लाख किलोमीटरचे वीस हजार करून मिळतात. पण पायाखालचं रबर कोण भरून देणार? स्टिअरिंगवरचा हाताचा तुकतुकीतपणा कोण पुसणार?

म्हणून आधी रुमाल. मग ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर, गिअरची मूठ, चालकाच्या सीटची दाराकडची कड, पट्ट्याचा ताण, टायरवरचा तारखेचा छाप, काचांवरचे आकडे, बॉनेटच्या नटांवर पान्याचे ओरखडे. हे सगळं झालं की मामा खिशातल्या वहीत अंदाजाचा आकडा लिहायचे आणि मगच रुमाल उचलायचे. हजार-दोन हजारांपलीकडे चूक व्हायची नाही. झाली तर ती मीटरची.

वहीचा एक नियम होता. जे मोजता येतं तेवढंच लिहायचं. 'मला वाटतं' हे शब्द त्या वहीत कधी उमटले नव्हते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते या नियमापायीच झालं.

त्या रविवारी गाडी बघायची होती ती सख्ख्या भाचीसाठी. भाची नर्स. डोंगरापलीकडच्या रुग्णालयात तिला जागा मिळाली होती, दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, रुजू व्हायचं होतं. वळणावळणाचा रस्ता, बसच्या वेळा ड्यूटीशी जुळत नव्हत्या. ताईनं, म्हणजे मामांच्या मोठ्या बहिणीनं, मुलीला बजावलं होतं, "तुझा मामा हो म्हणाला तरच गाडी. तो नाही म्हणाला तर नोकरीसुद्धा नाही." आणि मामांना फोनवर वेगळं सांगितलं होतं, "मला एकच पोर आहे रे. नीट बघ."

दुपारचं जेवण उरकून दोघं निघाले. पत्ता गावाच्या कडेचा होता. एकसारख्या घरांची एक रांग, रांगेच्या शेवटी एक बैठं घर, आणि त्याला लागून गाडी ठेवायची पत्र्याची खोली. घरमालक आजोबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. बारीक, स्वच्छ, नखं कापलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यांनी खोलीचं शटर अर्ध्यावर उचललं आणि ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"तुम्ही बघा निवांत," ते म्हणाले. "मला आतली हवा सोसत नाही."

आत भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड होता. थंड लोखंडाचा वास, जुन्या तेलाचा वास, आणि त्यात मिसळलेला आणखी एक, गाड्यांच्या खोलीत मामांना कधी न आलेला. कपाटात वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेल्या कपड्यांचा. डांबराच्या गोळ्यांचा.

गाडी करड्या रंगाची होती. धूळ नाही, ओरखडा नाही. मामांनी दार उघडलं, न बघता मीटरवर रुमाल टाकला आणि कामाला लागले. पेडलच्या रबरावरच्या रेघा बोटाला अजून टोचत होत्या. मूठ खरखरीत. सीटची कड ताठ. टायर पहिलेच, काचा पहिल्याच, नटांना कोणी हात लावलेला नाही. तासभर ते वाकत, उठत, हुंगत राहिले. भाची भिंतीला टेकून बघत होती.

"मामा, माझ्यासाठी मुलगा बघायला गेला होतास तेव्हा टाकला होतास का रुमाल?"

"तेव्हा तुझ्या आईनं तो माझ्याच डोळ्यांवर बांधला होता."

"तरीच. त्याचं मीटर पहिल्या वर्षातच बंद पडलं."

मामा हसले. वहीत त्यांनी तीस हजार लिहिलं आणि रुमाल उचलला. मीटरवर एकतीस हजार चारशे बारा.

"खरी आहे," मामा म्हणाले. असं ते वर्षातून दोन-तीनदाच म्हणायचे.

इथंच वही मिटून ते उठले असते. शेजारची सीट ते कधी तपासत नसत. गाडी झिजवतो तो चालवणारा, शेजारचा नुसता रस्ता बघतो, असं त्यांचं ठाम मत होतं. पण वही खिशात घालताना पेन्सिल निसटली, शेजारच्या बाजूला घरंगळली आणि पायाखालच्या चटईच्या कडेखाली गेली. मामांनी हात लांबवून चटई उचलली.

चटई कोरी होती, जाड. तिच्याखालचा गालिचा मात्र नव्हता. म्हणजे होता, पण मधोमध नव्हता. टीचभर रुंदीचं भोक पडलं होतं. त्याखालचा तागाचा थर गेलेला, पत्र्याचा रंग गेलेला, रंगाखालचा लाल लेपही गेलेला, आणि उघडा पत्रा आरशासारखा चकचकत होता. त्याला दोन खळगे पडले होते. एक टाचेचा. त्याच्या पुढे एक चवड्याचा.

मामांनी त्यावर अंगठा ठेवला. पत्रा तिथं इतका पातळ झाला होता की बोटाखाली दबला, आणि बोट उचलल्यावर टक करून वर आला.

ते काय आहे हे त्यांना लगेच कळलं. गाडीत शेजारी बसलेलं घाबरट माणूस असतं ना, समोर काही आलं की पाय जमिनीत रोवतं, जणू तिथं ब्रेकच आहे. तसा पाय. अगदी त्याच जागी. मग त्यांनी सीटवरचं कव्हर वर केलं. खाली गादी खचून वाटीसारखी झालेली. पट्ट्याच्या कडा उसवलेल्या. दारावरची धरायची मूठ चार बोटांच्या मापानं झिजलेली. त्यांनी पट्टी काढून मापं घेतली, परत घेतली. लांबच्या पल्ल्याच्या ट्रकची पेडलं त्यांनी बदलली होती. इतकी झीज चार लाखांच्या खाली होत नाही, हे ते झोपेतसुद्धा सांगू शकले असते.

एकच गाडी, एकच रस्ता. चालवणाऱ्याच्या बाजूनं तीस हजार, आणि शेजारच्या बाजूनं चार लाख.

त्यांनी वहीत 'शेजारची बाजू' असं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

"चालवून बघतो," ते आजोबांना म्हणाले.

भाची पुढचं दार उघडायला गेली, तर मामांनी तिला मागं बसवलं. शेजारी कोणी बोलत असलं की गाडीचा आवाज नीट ऐकू येत नाही, असं कारण दिलं. ते खरंही होतं. गाडी अलगद निघाली. इंजिनाचा आवाज शिलाईयंत्रासारखा एकसुरी. दोन गल्ल्या गेल्या.

धप.

आवाज मोठा नव्हता. वरच्या मजल्यावर कोणी अनवाणी टाच टेकवावी, तसा. समोरून एक सायकलवाला येत होता, बराच लांब.

"काय रे मामा?"

"काही नाही. जॅक सैल असेल."

पुढच्या वळणावर परत, धप. मामांनी डोळे रस्त्यावरच ठेवले. शेजारी बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं नव्हतं, पण मान त्या बाजूला वळेना. डांबराच्या गोळ्यांचा वास आता गाडीच्या आत होता.

गोदामांची लांब भिंत सुरू झाली. भिंत संपते तिथं चौक होता, पण आडवा रस्ता भिंतीमागं झाकलेला. मामा वेगात नव्हते. चौकाच्या वीसेक हात अलीकडे शेजारून आवाज आला, लागोपाठ दोनदा, आणि दुसऱ्या वेळी पत्रा कण्हल्यासारखा वाजला. मामांचा पाय ब्रेकवर गेला तो मामांनी नेलेला नव्हता. गाडी जागच्या जागी थांबली. आणि भिंतीच्या टोकामागून, हॉर्न नाही की काही नाही, भरलेला ट्रक समोरून सरळ निघून गेला. त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली.

मग शेजारी हलकेच आवाज झाला. टक. पाय उचलल्यावर पत्रा वर यावा, तसा.

"बाई गं!" भाची मागून पुढे झुकली. "मामा, ब्रेक बघ कसले आहेत! आणि तुझी नजर! या वयात!"

"वयाचं नको काढू," मामा म्हणाले. "तू... तू ऐकलंस काही?"

"काय?"

"काही नाही."

परतीच्या वाटेवर एकदाही आवाज झाला नाही. परतीच्या रस्त्यावर कोणी नव्हतंही.

भाची कागदपत्रं बघायला घरात गेली. मामा आणि आजोबा शटरपाशी उभे राहिले.

"चटई उचललीत ना?" आजोबांनी विचारलं.

"शेजारी कोण बसायचं?"

"ही. आमची ही." आजोबांनी कपाळावरचा घाम टिपला. "एकदाच बसली. गाडी आणली त्या दिवशी, दुकानापासून घरापर्यंत. सगळा रस्ताभर पाय रोवून बसली होती. उतरताना म्हणाली, पुन्हा बसायची नाही. नाही बसली. पुढच्याच वर्षी गेली. झोपेत... गाडीचा काही संबंध नाही."

"मग ही झीज?"

"ती गेल्यानंतरची. गालिचा तीनदा बदलला मी."

आजोबा आपणहून बोलत राहिले, घड्याळाच्या मागचं झाकण उघडून आत बघत बोलावं तसे, हळू आणि मान खाली घालून.

"तिनं पाय दिला की मी थांबायचो. सहा वर्षं. कुठं खरचटलं नाही. एकदा मात्र रस्ता मोकळा होता, काही नव्हतंच समोर, आणि मी कंटाळलो होतो हो... नाही थांबलो."

"काय झालं?"

"काही नाही. घरी आलो. गाडी बंद केली, शटर ओढलं, जेवलो. आणि इथून आवाज येत राहिला. बंद गाडीतून. धप... धप... धप. उजाडेपर्यंत." ते थांबले. "त्यानंतर मी काढली नाही गाडी. मला जमणार नाही आता. पण तिला... तिला सवय झालीय. ती घरात बसत नाही."

घरातून भाचीची चप्पल वाजत आली. तिच्या हातात कागद होते आणि चेहऱ्यावर सोमवारचा प्रश्न सुटल्याचा आनंद.

"काय मग, परीक्षक? पास की नापास?"

"अजून दोन गाड्या बघू," मामा म्हणाले.

"का? इंजिन?"

"चांगलं आहे."

"मीटर?"

"खरं आहे."

"ठोकलेली वगैरे?"

"नाही."

"मग उद्या सकाळी मी काय पाठीवर पंख लावून जाऊ?"

मामांनी तिला बाजूला घेतलं, चटई उचलून खळगे दाखवले, आणि आजोबा काय म्हणाले तेही सांगितलं. जमेल तसं, अडखळत. भाचीनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही. त्या हसण्याची मामांना भीती होती, पण जे झालं ते त्याहून वाईट झालं. तिला दया आली.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी आठ वर्षं वॉर्डात काढलीत. एकटे पडलेले म्हातारे असंच बोलतात. कोणाची बायको खिडकीत येते, कोणाची पायथ्याशी बसते. आपण हो म्हणायचं आणि उशी सारखी करून द्यायची. आणि पाय म्हणशील तर आई माझ्या शेजारी बसली की हेच करते. आईच्या पायाखाली पत्रा टिकतो हेच नशीब."

"पोरी, ऐक..."

"मला दोष सांग. तुझ्या वहीत काय दोष लिहिलाय, तेवढं वाचून दाखव. लिहिला असशील तर नाही घेत."

मामांनी वही उघडली. त्यांच्याच नीटस अक्षरात सगळं होतं. रबर, मूठ, टायर, काचा. आणि शेवटी ती मोकळी जागा. 'नको' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. नुसतं 'मला वाटतं, नको' एवढं म्हणायचं होतं. मामा म्हणून. पण इतक्या वर्षांची सवय आडवी आली. जे मोजता आलं नाही ते बोलायचं कसं? आणि मनाची समजूत घालायला माणूस काहीही शोधतो. त्यांना तो ट्रक आठवला. ज्यानं आपल्याला थांबवलं ते हिलाही थांबवेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"वहीत दोष नाही," ते म्हणाले.

"झालं तर."

चावी हातात देताना आजोबांनी भाचीचा हात क्षणभर धरून ठेवला. "ती सांगेल तेव्हा थांबत जा, बाळ."

"थांबेन हं, आजोबा," भाची म्हणाली. रुग्णाला म्हणावं, तशी.

मामांनी त्या आठवड्यात रोज फोन केला. सोमवारी भाची खुशीत होती. मंगळवारी म्हणाली, घाटात दोनदा काहीतरी धपधपलं, पण खड्डे आहेत. बुधवारी मामांनी आवाजाचं विचारलं तर म्हणाली, "हो, येतो कधीतरी. थांबते मी. काय जातंय थांबायला?" गुरुवारी फोन आल्यावर ती जरा वैतागली. "मामा, सारखं काय विचारतोस? सगळं ठीक आहे. घाट तर आता कळतसुद्धा नाही, बोलता बोलता संपतो."

मामांनी फोन ठेवला. घाटात फोनला रेंज नसते, हे त्यांना ठाऊक होतं.

शुक्रवारी आणि शनिवारी तिनं फोन उचलला नाही. जादा ड्यूटी लागलीय, ताई म्हणाली.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला खाली हॉर्न वाजला. भाची आली होती. गाडी धुतलेली, केस विंचरलेले, चेहरा टवटवीत. एका आठवड्यात पोर दोन किलो भरल्यासारखी दिसत होती. मामांच्या छातीवरचा दगड उतरला. इतके दिवस आपणच आपल्या सावलीला भ्यालो, असं त्यांना वाटलं.

"चल, तुला फिरवून आणते. फी समज तुझी."

मामांनी पुढच्या दाराला हात घातला.

"मागे बस ना, मामा," भाची म्हणाली.

तिनं ते सहज म्हटलं होतं. पुढची जागा गेलेली असली की आपण जसं म्हणतो, अगदी तसं. मामा मूठ धरून उभे राहिले. आतली सीट रिकामी होती. पट्टा नीट जागेवर लटकत होता.

"ताईला घ्यायचंय का वाटेत?"

"आईला? नाही. आई झोपलीय." तिनं आरशातून मामांकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, थोडी घाईची. "बस ना रे. ऊन डोक्यावर घेऊन काय उभा राहिलायस?"

मामा मागं बसले. गाडी निघाली. भाची काहीबाही सांगत होती, रुग्णालयातल्या गमती, मोठ्या बाईंचा तोरा. मध्येच बोलायची थांबायची, मान किंचित कलती करून ऐकल्यासारखी, आणि हसून पुढे सुरू करायची. एका गल्लीच्या तोंडाशी तिनं काही नसताना गाडी थांबवली. दोन क्षण थांबली. परत निघाली. मामांनी कान टवकारले होते, पण धप असा आवाज त्यांना एकदाही ऐकू आला नाही. आता त्याची गरज उरली नव्हती.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडी पश्चिमेला वळली आणि कललेलं ऊन समोरच्या काचेतून सरळ आत आलं. भाचीचे डोळे दिपले. तिनं ते बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या, पण स्वतःच्या डोळ्यांपुढची ऊन अडवायची पट्टी काही खाली ओढली नाही. बोलता बोलता तिनं हात लांब केला आणि रिकाम्या सीटसमोरची पट्टी अलगद खाली केली. मग थोडी तिरकी केली. थोडी आणखी.

"आता नाही ना येत?" तिनं विचारलं, आणि मामांकडे पाहिलं नाही.